रंग लावलेलं टोक

बंगळुरूच्या मारतहळ्ळीत राहायला आल्यापासून ज्यांचं देणं माझ्या अंगावर चढलं, त्यांत सगळ्यात मोठं देणं एका निवृत्त कामगाराचं आहे. त्यांनी मला पोलाद विकत घ्यायला शिकवलं. बनवायला नव्हे, घडवायलाही नव्हे, विकत घ्यायला. ही कुणाकडून शिकायची गोष्ट असते, हे त्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकेपर्यंत माझ्या गावीही नव्हतं. आज सुऱ्या करणारी तरुण मुलं भेटतात, त्यांना घडवायला शिकवणारे पुष्कळ मिळालेले असतात. घ्यायला शिकवणारा क्वचितच कुणाच्या वाट्याला आलेला दिसतो. माझ्या वाट्याला आला.

मी सुऱ्या करते. नोकरी आउटर रिंग रोडवरच्या एका आयटी कंपनीत आणि शनिवार-रविवार हे काम. सुऱ्या स्वयंपाकघरातल्याच: भाजीची, माशांची, मटणासाठी जरा जाड पाठीची. २०१६च्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, त्यातून घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. तरी मी त्या मापांच्या आतच राहते. भट्टी माझ्याकडे नाही, आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ती ठेवताही येत नाही. आज ज्याला दमास्कस म्हणतात ते पोलाद करायचं, तर दोन जातींच्या पट्ट्या आलटून पालटून एकावर एक रचायच्या, टाकणखार टाकायचा, साडेअकराशे-बाराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घणाखाली त्या एकजीव करायच्या. मग लांबवायच्या, कापायच्या, दुमडायच्या, पुन्हा जोडायच्या. अकरा थरांची गड्डी पाचदा दुमडली की ३५२ थर होतात. एवढा जाळ आणि एवढे दणके आमच्या सोसायटीत चालणार नाहीत, चालूही नयेत. म्हणून मी तयार पट्टी घेते, ती कापून पट्ट्याच्या ग्राइंडरवर पातं काढते, ते कडक करून घेते आणि मूठ बसवते.

त्या निवृत्त कामगारांना मी काका म्हणते. ते मूळचे खानापूर तालुक्यातले, बेळगावच्या पलीकडचे. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या (एचएएलच्या) फाउंड्री अँड फोर्ज विभागात त्यांची सारी नोकरी झाली, त्यातली शेवटची बरीच वर्षं तपासणी खात्यात. मारतहळ्ळी म्हटलं की आता लोकांना पूल, ट्रॅफिक आणि ब्रँडेड कपड्यांची सवलतीची दुकानं आठवतात. काकांच्या लेखी मारतहळ्ळी म्हणजे विमानतळाच्या भिंतीपलीकडचं गाव. २००८च्या मे महिन्यात प्रवासी विमानं देवनहळ्ळीला गेली, तरी ते अजून ‘आमचा एअरपोर्ट’ म्हणतात. एचएएलचा कारखाना १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानाच्या मदतीने काढला, हे ते नव्या मराठी माणसाला पहिल्याच भेटीत सांगतात. त्या एअरपोर्टच्या धावपट्टीवरून १९६१ साली ‘मारुत’ हे लढाऊ विमान पहिल्यांदा उडालं आणि २००१च्या जानेवारीत ‘तेजस’, हे दुसऱ्या भेटीत. त्यांच्या अभिमानात मला कधी बढाई दिसली नाही. आपल्या हाताखालून गेलेला तुकडा हवेत काम करत होता, एवढंच त्यांना म्हणायचं असतं.

आमची गाठ पडली हार्डवेअरच्या दुकानात. मी घरी फोनवर बोलत होते, आमचं गडहिंग्लजकडचं मराठी. शेजारी कानशी निवडत उभे असलेले गृहस्थ फोन संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, “तुम्ही आमच्याकडच्याच की!” गडहिंग्लज आणि बेळगाव यांच्यामध्ये राज्याची हद्द सोडली तर फारसं काही नाही. कानस कशाला हवी, या प्रश्नाचं मी खरं उत्तर दिलं. सुऱ्या करते म्हटल्यावर लोक एक तर हसतात नाही तर दचकतात. काकांनी विचारलं, “पोलाद कुठलं?”

मी म्हटलं, दमास्कस, तयार पट्टी मागवली आहे.

“ते कळलं. पण कुठलं आणि कुठलं?”

हे मी विक्रेत्याला विचारलं होतं. ‘हाय कार्बन आणि निकेल, बेस्ट क्वालिटी’ असं उत्तर आलं होतं. ते ऐकून काका म्हणाले, “ह्याला काय उत्तर म्हणतात होय? घेऊन या की पट्टी. बघू या.”

त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. लाकडी बाक, त्यावर व्हाइस, भिंतीवर लहानमोठ्या कानशी क्रमाने लावलेल्या, कोपऱ्यात एक छोटी विजेची भट्टी, कुठल्याशा बंद पडलेल्या प्रयोगशाळेतून विकत घेतलेली. मी पट्टी बाकावर ठेवली. दहा इंच लांब, दीड इंच रुंद, पाच मिलिमीटर जाड. अंगभर थेंबांची नक्षी. ही नक्षी पाडायला थरांच्या पट्टीत उथळ खड्डे कोरतात आणि मग पट्टी ठोकून सपाट करतात. खड्ड्यांपाशी थर वर उचलले जातात आणि घासल्यावर वर्तुळं उमटतात. बघणाऱ्याची नजर त्यांवरच खिळते. काकांनी तिकडे बघितलंही नाही. पट्टी उभी करून खिडकीच्या उजेडात तिच्या चारही कडा निरखल्या. “नक्षी वरनं दिसते,” ते म्हणाले, “सांधा कडेनं दिसतो. तू नक्षी बघायलीस.” त्या दिवसापासून मी ‘तू’ झाले.

मग त्यांनी एका पसरट डब्यात जुन्या बाटलीतलं रॉकेल ओतलं, पट्टी त्यात बुडवली आणि मला आत चहाला नेलं. काकूंनी पोह्यांचे पापड तळले. माझं माहेर, आईची तब्येत, भाडं किती भरतेस, हे सगळं झालं. बऱ्याच वेळाने परत आलो, तेव्हा काकांनी पट्टी काढून कोरड्या फडक्याने पुसली, पुन्हा पुसली, फडकं बदलून तिसऱ्यांदा पुसली. खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून तिचा पातळ हात कडांवर फिरवला. स्पिरिट उडून गेलं, कडा पांढऱ्या झाल्या आणि आम्ही बघत बसलो. काही वेळाने एका कडेवर, टोकापासून तीनेक बोटं आत, पांढऱ्यावर करडी ओली रेघ उमटली. केसाएवढी बारीक, जेमतेम बोटभर लांब. थरांच्या मधल्या फटीत शिरलेलं रॉकेल खडूने बाहेर ओढून घेतलं होतं. पूर्वी रेल्वेच्या एक्सलना तडा गेला आहे का हे असंच बघत. पुढे त्यासाठी लाल रंगाचे द्रव आले, तत्त्व तेच राहिलं.

तिथे करवतीने कापल्यावर फट उघडी पडली. आत टाकणखाराचा काळा मळ अडकला होता. जोड लागताना तो घणाच्या दणक्याने बाहेर फेकला जायला हवा; ताप कमी पडला किंवा हात उशिरा पडला की आतच राहतो. वरून बघता पट्टी निर्दोष होती. मी विक्रेत्याला फोटो पाठवला. हाताची वस्तू आहे, असं चालायचंच, असं उत्तर आलं.

काकांनी उरलेली पट्टी टाकू दिली नाही. “सांधा गेला. पोलाद कसं आहे, ते कुठं बघितलं अजून?”

या कामातली नजर मला त्या दुपारी मिळाली. पट्टीच्या टोकाचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा कापला. पॉलिश पेपरवर तो घासत घासत आरसा केला. फेरिक क्लोराइड मी एसपी रोडवरून आणलं होतं, सर्किट बोर्ड करणारे वापरतात तेच. एक भाग ते, चार भाग पाणी. तुकडा त्यात धरला तशी नक्षी उठली: निकेलचे थर चांदीच्या रंगाचे राहिले, मधले काळवंडले. फारच देखणी उठली. मग तो तुकडा भट्टीत. चुंबक लावून बघायचं. साधारण ७७० अंशांना लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं. तिथून थोडं वर, ८१५ च्या आसपास, तुकडा सारखा तापू द्यायचा आणि कोमट तेलात बुडवायचा. काका याला ‘पाणी देणं’च म्हणतात, तेल असलं तरी. गार झाल्यावर त्यांनी कानस माझ्या हातात दिली. पाणी चढलेल्या पोलादावर कानस नुसती घसरते. ही लागली. कीस पडला.

तुकड्याला पाणी चढलंच नव्हतं. नक्षी निकेलमुळे उठते आणि धार कार्बनमुळे टिकते. एकीवरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही. त्या पट्टीत एक थर साध्या लोखंडाचा असणार. जोडाच्या तापात कार्बन एका थरातून शेजारच्या थरात झिरपतो, म्हणून असं लोखंड स्वतः मऊ राहतंच आणि बाजूच्या चांगल्या पोलादाचाही कार्बन खाऊन बसतं. सगळी पट्टी मधल्यामध्ये राहते. अशा पट्टीची सुरी भिंतीवर टांगायला ठीक. टोमॅटोची साल तिला कळत नाही. म्हणून जाणते लोक दोन्ही थर पाणी घेणारे निवडतात. १०८४ नावाच्या पोलादात ०.८४ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो, १५एन२० मध्ये ०.७५ च्या आसपास आणि वर दोन टक्के निकेल. दोघांना पाणी चढतं तेही जवळपास एकाच तापाला. नंतर २०० अंशांना दोन-दोन तास दोनदा शेकलं की कडकपणा रॉकवेलच्या मापात साठीच्या घरात येतो आणि पातं ठिसूळही राहत नाही. एवढी साधी जोडी, पण ‘कुठलं आणि कुठलं’ हे विचारल्याशिवाय ती हाती येत नाही.

काकांनी मग एक लांबट वही काढली. रकाने आखलेले: पट्टी कुणाकडून, दोन पोलादं कोणती, कडेची तपासणी, पाणी, कानस, मोड. विमानाच्या कामात पोलादाच्या प्रत्येक बारला हीट नंबर असतो, म्हणजे ते ज्या घाण्यात वितळलं त्या घाण्याचा क्रमांक. तो क्रमांक तुकड्यासोबत शेवटपर्यंत चालतो. बारच्या एका टोकाला रंग लावलेला असतो, त्यावरून जात ओळखायची. “कापायचं नेहमी दुसऱ्या टोकाकडनं,” त्यांनी मला दाखवलं. “रंगाचं टोक शेवटी. शेवटचा तुकडा उरला तरी तो कोण आहे ते कळलं पाहिजे.” माझ्या कपाटात आता ज्या पट्ट्या आहेत, त्या सगळ्यांच्या एका टोकाला रंग आहे. पिवळा म्हणजे तपासलेली, लाल म्हणजे अजून नाही.

ही शेड त्यांनी मला वापरू दिली. माझा ग्राइंडर तिथे आला, माझ्या मुठींचं शिसवी आणि सागवान तिथे आलं. भाड्याचं नाव काढलं तेव्हा काकू रागावल्या. काकांनी मात्र विजेचा हिशेब ठेवला. भट्टी किती वेळ चालली, किती युनिट झाली, त्याचे जेवढे होतील तेवढेच पैसे ते माझ्याकडून घेत. एक रुपया जास्त नाही, एक रुपया कमी नाही. देणं अंगावर ठेवून काम करू नये, असं त्यांचं म्हणणं. पण त्या वहीत त्यांच्या वेळेचा रकाना नाही, आणि माझ्या अंगावरचं खरं देणं नेमकं त्याच रकान्यातलं आहे.

आमचं बोलणं बरेचदा गावाकडच्या लोहारावर यायचं. माझे आजोबा फाळ शेवटायला न्यायचे ते आठवतं. झिजलेल्या फाळाच्या तोंडाला लोहार पोलादाचा तुकडा जोडून द्यायचा. बाकी अंग साधं लोखंड. तो तुकडा आजोबा घरून न्यायचे, ट्रकच्या पाट्याचा. लोहार आधी त्यावर कानस चालवून बघायचा, मग एक कोपरा तापवून पाण्यात बुडवून हातोडीने मोडायचा, आणि मोड पसंत पडला तरच भाता हलायचा. काकांच्या गावीही हेच. आमच्या दोघांच्या आठवणीतला तो माणूस पोलाद विकत घेत नव्हता, दुसऱ्याने आणलेलं घेत होता, तरी ओळख पटल्याखेरीज त्याने ते ऐरणीवर ठेवलं नाही. एचएएलच्या प्रयोगशाळेत काकांना जी शिस्त भेटली तिची बाराखडी त्यांनी खानापूरच्या लोहारशाळेत आधीच गिरवली होती, असं मला वाटतं. त्यांनाही ते आवडलं; एरवी माझ्या अशा वाक्यांवर ते “बरं बरं” म्हणून उठतात.

एकदा मी सुऱ्या एका प्रदर्शनात ठेवल्या होत्या. एका जाणकार गृहस्थांनी सुरी हातात घेतली, तोल बघितला, कौतुक केलं आणि विचारलं, “पोलाद तुमचं?” विकत घेतलेलं आहे म्हटल्यावर त्यांनी ती हलकेच खाली ठेवली. तयार पट्टी घेणाऱ्याकडे या कामातले काही लोक असंच बघतात. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, “आम्ही विमानं केली. ॲल्युमिनिअम काय परसात पिकवलं होतं? पण कुठनं आलं ते लिहून ठेवलं होतं की.”

त्या गृहस्थांना द्यायचं उत्तर मला पुढे वाचनात सापडलं. बंगळुरूच्याच शारदा श्रीनिवासन आणि श्रीनिवास रंगनाथन यांनी वुट्झ पोलादावर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक २००४ साली आलं. त्यातून मी या विषयात शिरले आणि अजून बाहेर आलेली नाही. ज्या जुन्या तलवारींमुळे दमास्कसचं नाव झालं, त्यांत जोडलेले थर नव्हतेच. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत लहान बंद मुशींमध्ये लोखंड आणि लाकूडफाटा तापवून दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेल्या पोलादाच्या वड्या करत; हेच वुट्झ. ती वडी हळू निवत असे, आणि मग कमी तापात, सबुरीने घडवली तर तिच्या पोटातल्या कार्बाइडच्या रांगांमधून लाटा उमटत. त्या वड्या आपल्याकडे होत, तलवारी तिकडे पश्चिम आशियात. निजामाच्या राज्यातल्या कोनसमुद्रम गावी अशा वड्या होत असल्याचं वर्णन व्हॉयसी या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञांनी लिहून ठेवलं, ते १८३२ साली छापलं गेलं. तिथे त्यांना पोलाद न्यायला आलेला इराणमधल्या इस्फहानचा व्यापारी भेटला होता. इराणात असं पोलाद करून बघितलं, पण जमलं नाही, असं त्याच्या बोलण्यातून त्यांना कळलं. म्हणजे जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पात्यांचे कारागीर तयार पोलाद विकत घेणारेच होते! त्यांना कुणी कमी लेखलं नाही. कमी लेखलं गेलं ते वडी करणाऱ्याला, कारण त्याचं नाव कुणी टिपून ठेवलं नाही. नाव झालं ते हजारो मैलांवरच्या बाजारपेठेचं.

मुंबईचाही यात वाटा आहे. १७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. तिथल्या शास्त्रज्ञांनी आणि कातरी-सुऱ्या करणाऱ्यांनी ते तपासले. पुढे जेम्स स्टोडार्ट या कारागिरासोबत मायकेल फॅरडे यांनी १८१९च्या सुमारास त्यावर प्रयोग केले. विजेच्या संशोधनाने थोर झालेला हा माणूस लोहाराचा मुलगा होता, हे मी सांगितलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला आणि ते पुन्हा सांगायला लावलं. मुशीतल्या पोलादाची ती विद्या एकोणिसाव्या शतकात आपल्याकडून हळूहळू गेली. आजचं थरांचं दमास्कस ही निराळी, तीही जुनीच, रीत. अमेरिकेत बिल मोरन यांनी १९७३ साली अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या आणि तिथून ती जगभर पुन्हा पसरली.

मधल्या काळात मी स्वीडनच्या डामास्टीलची एक छोटी पट्टी मागवली. सॉडरफोर्स या गावात सतराव्या शतकापासून लोखंडाचं काम चालतं. तिथे ही कंपनी न गंजणाऱ्या दोन पोलादांची भुकटी थरांत भरून, दाबून दमास्कस करते. किमतीत कस्टम्सची भर पडली. काकांनी पट्टीआधी तिच्यासोबतची माहिती वाचायला घेतली. दोन्ही पोलादांची नावं, त्यांतले घटक, किती अंशांना तापवायचं, किती वेळ, किती कडकपणा येईल. “ह्याला म्हणतात उत्तर,” एवढंच ते म्हणाले. तिला हजार अंशांहून जास्त ताप लागतो, आमच्या भट्टीचं ते काम नव्हे. आम्ही पीण्याला एका कारखान्यात गेलो, निर्वात भट्टीचं काम करणाऱ्यांकडे. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बसने, काकांच्या गुडघ्यांसकट. तिथल्या तरुण इंजिनिअरला त्यांनी ‘साहेब’ म्हणत इतके नेमके प्रश्न विचारले, की जाताना तोच त्यांना खुर्ची देऊन पाणी आणायला धावला.

पण दर वेळी स्वीडनची पट्टी परवडत नाही, आणि मला आपल्याकडच्या लोहाराचंच पोलाद हवं होतं. उदयपूरकडची एक पट्टी चांगली निघाली. खडूवर रेघ नाही, कानस घसरली. काकांनी वहीत लिहिलं आणि ‘कुणाकडून’ या रकान्यात मी दुकानाचं नाव सांगितल्यावर पेन थांबवलं. “दुकानदारानं घण मारला काय? ज्यानं मारला त्याचं नाव विचार.”

दुकानदाराने आधी टाळाटाळ केली. मी त्याला वगळून परस्पर माल घेईन अशी धास्ती त्याला होती. पैसे तुमच्याकडेच येतील असा शब्द दिला तेव्हा त्याने नंबर दिला. पलीकडचा माणूस शिकलगारांच्या घरातला. तलवारींना धार आणि पाणी देणारं घराणं, आता लग्नातल्या तलवारी आणि परदेशी जाणाऱ्या पट्ट्या करतं. शिकलगार आडनावाची माणसं आमच्या कोल्हापूर-सांगलीकडेही आहेत म्हटल्यावर तो मोकळा झाला. ‘कुठलं आणि कुठलं’ याचं उत्तर त्याने न अडखळता दिलं: लाकडाच्या वखारीतल्या पट्टाआऱ्याची जुनी पाती, त्यांत निकेल असतं, आणि दुसरं ईएन-३१, बेअरिंगचं पोलाद. मी मोडाबद्दल सांगितलं. कारण तेवढं एक उणं होतं. पाणी दिलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून मोडला तेव्हा मोड रवाळ दिसला होता. तो बारीक आणि करडा हवा, राखेसारखा. रवा मोठा असला तर पातळ धार तुकड्या-तुकड्याने झडते. “सांधे पक्के हायत,” काका म्हणाले होते, “शेवटचा ताप जास्त झालाय. आणि निवू दिलं नाही.”

पलीकडून काही वेळ आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “ताई, आमच्याकडून माल मऊच जातो. कापणाऱ्याला, ड्रिल करणाऱ्याला सोपं पडावं म्हणून. पाणी दिल्यावर आमची पट्टी आतून कशी दिसते, ते आम्ही कधी बघितलंच नाही.”

वर्षानुवर्षं त्याच्या हातून पट्ट्या गेल्या, आणि पुढे त्यांचं काय झालं हे एकाही घेणाऱ्याने त्याला कळवलं नव्हतं. हे ऐकून मी सुन्न झाले. काकांनी फोन मागून घेतला. एचएएलच्या फोर्ज शॉपमध्ये देशभरच्या माणसांशी बोलून तयार झालेली त्यांची हिंदी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. शेवटचा जोड लागला की पट्टी लाल करून हवेत निवू द्यायची. मग जरा कमी लाल, पुन्हा निवू द्यायची. मग आणखी कमी. तीनदा. चुंबक जवळ ठेवायचा. पोलाद, ताप, तेल याखेरीज दुसरा विषय नाही, आणि तरी दोघं कितीतरी वेळ बोलत होते. काकांचे डोळे हल्ली अधू झाले आहेत. मोड कसा आहे ते मी भिंग लावून सांगते आणि ते अंगठा फिरवून खात्री करतात. मोडलेले दोन्ही तुकडे त्यांनी स्वतः तेल लावून कागदात गुंडाळले, वर तारीख आणि ताप लिहिला, आणि मी ते उदयपूरला पाठवले.

पुढची पट्टी आली तिचा मोड बारीक होता. त्या पट्टीची भाजीची सुरी केली, ती आज काकूंच्या ओट्यावर आहे. विळी सोडायला त्या तयार नाहीत, पण कांदा सुरीने चिरतात. मी सुरीसोबत आता एक चिठ्ठी देते: दोन पोलादांची नावं, पाणी किती अंशांना दिलं, आणि पट्टी कुणी घडवली ते, त्याची परवानगी घेऊन, गावासकट.

ती पट्टी मागवली होती त्यापेक्षा दोन इंच लांब आली होती. मी फोन केला तेव्हा तो म्हणाला, तपासायला तुकडा लागतो ना तुम्हाला, तेवढं जास्त ठेवलंय, त्याचे पैसे नकोत. मी खुशीत हे काकांना सांगितलं. त्यांना ते बिलकूल पटलं नाही. “त्या दोन इंचांत कोळसा तेवढाच जळाला की नाही? घाम तेवढाच गेला की नाही?” त्यांनी विचारलं. “तपासायचा तुकडा हा पण मालच. पैसे दे त्याला.” तेव्हापासून मी पट्टीची लांबी सांगतानाच दोन इंच वाढवून सांगते आणि पैसे त्या लांबीचे पाठवते.